सांधा चार्नलींचा, चाल ज्याची त्याची

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाताना आधी पायऱ्या उतराव्या लागतात आणि परतताना त्याच पायऱ्या चढाव्या लागतात. ज्याचा खुबा दुखतो, त्याला तिथली एकेक पायरी जाणवते. धाराशिव जिल्ह्यात खुब्याचे दुखणे बहुतेक वेळा अशा रोजच्या गोष्टींतूनच लक्षात येते. मांडी घालून जेवायला बसता येत नाही. खुरपायला बसले की उठवत नाही. शौचाला उकिडवे बसणे ही शिक्षा होऊन जाते. मग सोलापूर, लातूर किंवा पुण्याचे डॉक्टर एक्स-रे बघतात आणि खुबा बदलावा लागेल, असे सांगतात.

घरात त्या रात्री दोन प्रश्न असतात. खर्च किती येईल, आणि माणूस पुन्हा नीट चालेल का? दुसऱ्या प्रश्नाला आज डॉक्टर बहुधा निःशंकपणे होकार देतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी असा होकार देण्याची कोणाचीच छाती नव्हती. तो होकार शक्य केला तो इंग्लंडमधील अस्थिशल्यविशारद सर जॉन चार्नली यांनी. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम खुब्याची मूळ कल्पना त्यांची. आणि शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट जे व्यायाम करून घेतात, त्यांमागचे गणितही त्यांच्या कामातून उत्तम समजते.

औषधविक्रेत्याचा मुलगा

चार्नलींचा जन्म 29 ऑगस्ट 1911 रोजी लँकेशायर परगण्यातील बरी या गावी झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते, आई परिचारिका. मँचेस्टरच्या आसपासचा हा सगळा मुलूख सूतगिरण्यांचा. सोलापूर-बार्शीकडच्या माणसाला गिरणीच्या भोंग्यावर चालणारे गाव म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. चार्नली अशाच वातावरणात वाढले. यंत्र कसे चालते, कुठे घासते, कुठे अडते, याची ओढ त्यांना लहानपणापासून होती.

मँचेस्टर विद्यापीठातून 1935 मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी शल्यचिकित्सकांची एफआरसीएस ही मानाची पदवी मिळवली. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. कैरो येथे असताना जखमी सैनिकांसाठी आधारपट्ट्या आणि उपकरणे तयार करणाऱ्या कार्यशाळेचे काम त्यांच्याकडे आले. डॉक्टरने लेथवर उभे राहायचे, लोखंड कापायचे, सांधे जुळवायचे, याची गोडी त्यांना तिथे लागली ती कायमची. पुढे कृत्रिम खुब्याच्या वाट्या त्यांनी स्वतःच्या घरच्या लेथवर कातून काढल्या.

युद्धानंतर हाडाचा तुकडा दुसरीकडे लावला तर तो कसा रुजतो, हे समजून घेण्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्याच नडगीवर शस्त्रक्रिया करवून घेतली. त्या जागी जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. प्रयोगाची पहिली झळ आपण सोसायची, हा त्यांचा स्वभाव इथे दिसतो. तो पुढे एका मोठ्या संकटातही कायम राहिला.

1947 मध्ये ते मँचेस्टर रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात रुजू झाले. 1950 मध्ये त्यांनी अस्थिभंगावर शस्त्रक्रिया न करता उपचार कसे करावेत, यावर पुस्तक लिहिले. ते अस्थिशल्यविशारदांच्या कितीतरी पिढ्यांनी अभ्यासले. खुब्याचा सांधा मात्र त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

कुरकुरणारा खुबा

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. वय, जुनी दुखापत, संधिवात किंवा गोलाचा रक्तपुरवठा तुटणे यांमुळे हे अस्तर झिजते. मग हाडावर हाड घासते. त्या काळी यावर दोन उपाय होते. एक म्हणजे सांधा कायमचा जखडून टाकायचा. वेदना जायची, पण माणूस ताठ पायाने जगायचा. दुसरा उपाय गोलाच्या जागी कृत्रिम गोल बसवण्याचा. पॅरिसच्या ज्यूडे बंधूंनी 1946 पासून अ‍ॅक्रिलिकचे असे गोल बसवायला सुरुवात केली होती.

असाच गोल बसवलेला एक रुग्ण चार्नलींकडे आला. त्याची तक्रार विचित्र होती. त्याचा खुबा चालताना कुरकुरत असे. आवाज इतका की जेवणाच्या टेबलावर तो जरा पुढे झुकला तरी घरच्यांना नकोसे होई. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने हे हसण्यावारी नेले असते. चार्नलींना त्या आवाजात रोगाचे कारण ऐकू आले. कुरकुर म्हणजे घर्षण. घर्षण जास्त असेल तर प्रत्येक पावलाला गोल हाडातून थोडा थोडा सैल होत जाणार. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले की काय होते, तेच इथे होत होते.

मग त्यांनी निरोगी सांध्यातील घर्षण मोजले. कूर्चेवर कूर्चा बर्फावर बर्फ सरकावा त्याहूनही सहज सरकते, असे त्यांच्या लक्षात आले. सांध्यातले नैसर्गिक द्रव कूर्चेवर उत्तम वंगण ठरते. धातू किंवा अ‍ॅक्रिलिकवर मात्र त्याचा तसा उपयोग होत नाही. म्हणजे कृत्रिम सांध्याचा माल मुळातच निसरडा हवा.

त्यांनी तीन निर्णय घेतले. वाटी निसरड्या प्लास्टिकची करायची. धातूचा गोल शक्य तितका लहान ठेवायचा, कारण गोल लहान असला की घर्षणाचा पीळ कमी होतो. त्यांचा गोल अवघा 22 मिलिमीटरचा होता. आणि दोन्ही भाग हाडात पक्के बसवण्यासाठी दंतवैद्य वापरत त्या जातीचे अ‍ॅक्रिलिक सिमेंट वापरायचे. हा सल्ला त्यांना मँचेस्टरमधील दंतसामग्रीचे तज्ज्ञ डेनिस स्मिथ यांच्याकडून मिळाला. हे सिमेंट डिंकासारखे चिकटवत नाही. भिंतीतल्या फटीत गिलावा भरावा तसे ते हाड आणि धातू यांमधली जागा भरून काढते आणि भार सगळीकडे सारखा पसरवते.

पहारीचे गणित

चार्नलींचे खरे वेगळेपण पुढे आहे. खुबा म्हणजे फक्त गोल आणि वाटी नव्हे, तर त्याला पेलून धरणारे स्नायूही, हे त्यांनी आपल्या रचनेच्या मध्यभागी ठेवले.

चालताना दर पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या क्षणी शरीराचे वजन कंबर दुसऱ्या बाजूला खाली ओढत असते. ती पडू नये म्हणून उभ्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू तिला धरून ठेवतात. हा विषम दांड्यांचा तराजू आहे. वजनाची दांडी लांब आणि स्नायूंची दांडी आखूड, जवळपास निम्मी किंवा त्याहूनही कमी. पहारीने दगड हलवणाऱ्याला हे ठाऊक असते: पहार दगडाजवळ जितकी आखूड धरावी, तितके बळ जास्त लागते. म्हणून स्नायूंना वजनाच्या दुपटीच्या आसपास ओढावे लागते. सांध्यावर मात्र वजन आणि ही ओढ दोन्हींचा भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर एका पायावर उभे असताना दीडशे ते पावणेदोनशे किलोंच्या आसपास दाब पडतो.

हे स्नायू दुबळे असले की कंबर एका बाजूला झुकते आणि माणूस लचकत चालतो. अनेक वर्षे दुखणाऱ्या खुब्याच्या माणसाची ती ओळखीची चाल. चार्नलींनी शस्त्रक्रियेतच या तराजूच्या दांड्या बदलल्या. वाटी शक्य तेवढी आत, शरीराच्या मध्यरेषेकडे सरकवली. त्यामुळे वजनाची दांडी आखूड झाली. हे स्नायू मांडीच्या हाडाच्या ज्या उंचवट्याला चिकटतात, तो उंचवटा कापून थोडा बाहेर नेऊन तारांनी पुन्हा बांधला. त्यामुळे स्नायूंची दांडी लांब झाली. सांध्यावरचा दाब कमी झाला आणि स्नायूंना काम सोपे झाले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शल्यविशारद दांडी लांब करू शकतो, पण ती ओढणारा स्नायू तो बसवू शकत नाही. तो रुग्णाचाच असतो, आणि वर्षानुवर्षे दुखण्यामुळे वापरात नसल्याने तो सुकलेला असतो. व्यायामाचे काम इथून सुरू होते.

तीनशे रुग्ण आणि एक चूक

निसरडे प्लास्टिक म्हणून चार्नलींनी टेफ्लॉन निवडले. न चिकटणाऱ्या तव्यांमुळे आज हे नाव घरोघरी माहीत आहे. 1958 च्या सुमारास त्यांनी या वाट्या बसवायला सुरुवात केली. निकाल थक्क करणारे होते. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे चालत घरी जाऊ लागली. सुमारे तीनशे रुग्णांना असे खुबे बसवले गेले.

दोन-तीन वर्षांनी तेच रुग्ण परत येऊ लागले. टेफ्लॉन निसरडे होते, पण टिकाऊ नव्हते. छोटा धातूचा गोल वाटीत खड्डा पाडत आत घुसत होता. झिजलेल्या टेफ्लॉनचे सूक्ष्म कण आजूबाजूच्या ऊतींना चिडवत होते आणि हाड पोखरले जात होते. चार्नलींच्या झोपा उडाल्या. त्यांनी चूक लपवली नाही. रुग्णांना पुन्हा बोलावले, काय झाले ते सांगितले आणि बिघडलेले सांधे काढायला सुरुवात केली. टेफ्लॉनचा अनुभव शोधनिबंधांतूनही त्यांनी जगासमोर ठेवला, म्हणजे दुसऱ्या कोणी तीच वाट धरू नये.

नेमके काय बिघडले, हे तपासण्यासाठी त्यांनी पुन्हा स्वतःचेच शरीर वापरले. टेफ्लॉनची बारीक पूड आणि दुसऱ्या एका प्लास्टिकची पूड त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत होत्या. दुसऱ्या जागी काहीच नव्हते.

यंत्रमागातून आलेला सांधा

ते दुसरे प्लास्टिक कुठून आले, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आवडीने सांगितली जाते. 1962 मध्ये एक विक्रेता चार्नलींच्या प्रयोगशाळेत आला. त्याच्याजवळ अतिशय दाट, चिवट पॉलिथिलीनचा नमुना होता. यंत्रमागावर सतत आपटणाऱ्या आणि घासणाऱ्या भागांसाठी हे प्लास्टिक लँकेशायरच्या गिरण्यांत वापरले जाई. चार्नलींनी तो नमुना नखाने कुरतडून पाहिला आणि त्यात काही दम नाही असे ठरवून विषय सोडून दिला. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र, चार्नली परदेशी परिषदेला गेले असताना, तो तुकडा स्वतः बनवलेल्या झीज मोजण्याच्या यंत्रावर लावला.

चार्नली परतले तेव्हा यंत्र बराच काळ चालू होते. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजत असे, तितकेही हे पॉलिथिलीन तीन आठवड्यांत झिजले नव्हते. चार्नलींनी आपला निर्णय तत्काळ फिरवला. नोव्हेंबर 1962 मध्ये पॉलिथिलीनची पहिली वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली. तेव्हा बसवलेल्यांतले काही खुबे पुढे दोन-तीन दशके चालले. आज जगात बसवल्या जाणाऱ्या बहुतेक कृत्रिम खुब्यांच्या वाटीत याच पॉलिथिलीनची सुधारलेली आवृत्ती असते. यंत्रमागाच्या खडखडाटात सिद्ध झालेला माल शेवटी माणसाच्या चालीला उपयोगी पडला.

क्षयाच्या दवाखान्यातील नवे केंद्र

हे सगळे काम मँचेस्टरपासून थोड्या अंतरावरच्या राइटिंग्टन रुग्णालयात चालले. मुळात ते क्षयरुग्णांसाठी बांधलेले रुग्णालय होते. पन्नाशीच्या दशकात क्षयावर औषधे आली, खाटा रिकाम्या होऊ लागल्या आणि तिथे चार्नलींनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र केंद्र उभे केले.

आणखी एक शत्रू होता, जंतुसंसर्ग. सुरुवातीच्या काळात शंभरातल्या सुमारे आठ-नऊ रुग्णांच्या नव्या सांध्यात संसर्ग होई. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले की तो बहुधा काढावाच लागतो. चार्नलींनी शस्त्रक्रियागृहात काचेची खोली उभारली आणि तिच्यात गाळलेली स्वच्छ हवा सतत वाहती ठेवली. शल्यविशारदाच्या अंगावर सगळे शरीर झाकणारा झगा आला आणि त्याचा श्वास नळीने बाहेर सोडला जाऊ लागला. काही वर्षांत संसर्गाचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. आज मोठ्या रुग्णालयांत सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियागृहात वरून शुद्ध हवा वाहते, ती याच विचाराची पुढची पायरी.

आपला सांधा कोणीही विकत घेऊन कसाही बसवावा, हे चार्नलींना मान्य नव्हते. लीड्स येथील थॅकरे कंपनी तो बनवत असे. पण कित्येक वर्षे राइटिंग्टनमध्ये शिकून गेलेल्या शल्यविशारदांनाच तो मिळे. जगभरातून डॉक्टर तिथे शिकायला आले. रुग्णांकडेही त्यांनी एक वेगळीच विनंती केली. मृत्यूनंतर आपला खुबा तपासणीसाठी द्यावा, अशी ती विनंती होती, आणि अनेकांनी ती मान्य केली. त्यामुळे वीस-वीस वर्षे वापरलेला सांधा आतून कसा झिजतो, हे डोळ्यांनी पाहता आले.

तरुणांच्या बाबतीत ते फार सावध होते. खुब्याचा सांधा त्यांनी मुख्यतः वृद्ध आणि संधिवाताने जखडलेल्या रुग्णांसाठीच योग्य मानला. जास्त धावपळ म्हणजे जास्त झीज, हे ते टेफ्लॉनच्या अनुभवातून शिकले होते. आज आपल्याकडे तिशी-चाळिशीतले रुग्णही दिसतात. दारूचे व्यसन किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड यांमुळे गोलाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि करोनाच्या साथीनंतर अशा रुग्णांची बरीच चर्चा झाली. सांध्याचा माल आता खूप सुधारला आहे. पण तरुण रुग्णाला तो पुढे कधीतरी पुन्हा बदलावा लागू शकतो, ही चार्नलींची चिंता अजून संपलेली नाही.

खाटेवरून पायरीपर्यंत

चार्नलींच्या काळी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून बरेच दिवस झोपवून ठेवत. कापलेला हाडाचा उंचवटा जुळून यायला वेळ हवा असे. आता बहुतेक शस्त्रक्रियांत तो कापावा लागत नाही. त्यामुळे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. गावाकडे मात्र काळजीपोटी उलटे घडते. आजीला उठू द्यायचे नाही, ताट अंथरुणात द्यायचे, लेकी-सुनांनी सगळे हातात आणून द्यायचे. माया खरी असते, पण त्यात खुब्याचे स्नायू आणखी सुकतात. पोटरीत रक्त साकळण्याचा धोकाही वाढतो.

पहिल्या दिवसांचे व्यायाम अगदी साधे असतात. घोटे वर-खाली हलवायचे, त्याने पोटरीतले रक्त वाहते राहते. गुडघा अंथरुणाकडे दाबून मांडी आवळायची. दोन्ही कुल्ले आवळून पाच अंक मोजायचे. टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा थोडा वाकवायचा. मग येतो तो चार्नलींच्या तराजूचा व्यायाम: पाय सरळ ठेवून बाहेरच्या बाजूला सरकवायचा. आधी पडून, नंतर वॉकर किंवा ओट्याची कड धरून उभ्याने. यातून खुब्याबाहेरचे ते स्नायू पुन्हा जागे होतात आणि लचक कमी होत जाते. शस्त्रक्रियेची पद्धत वेगळी असेल तर हा व्यायाम कधी सुरू करायचा, हेही वेगळे असते. म्हणून तो आपल्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करावा.

काठी कोणत्या हातात धरायची, यात बहुतेकांचा गोंधळ होतो. डावा खुबा बदलला असेल तर काठी उजव्या हातात. हात लांब दांडीवरून कंबरेला उचलून धरतो, म्हणून थोड्या दाबानेही खुब्यावरचा भार बराच हलका होतो. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी 1956 मध्ये काठी टाकून देऊ नका असे सांगणारा लेख लिहिला होता, तो याच गणितावर. काठी म्हणजे म्हातारपण, ही लाज सोडली तर चाल लवकर सुधारते.

पायऱ्यांचा नियमही असाच. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि शस्त्रक्रियेचा पाय. तुळजापूरला आधी उतरायचे असते. म्हणजे देवीकडे जाताना नवा खुबा पुढे आणि परतताना जुना पाय पुढे. अर्थात गर्दीच्या पायऱ्यांवर जायचे ते डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, आणि कोणाला तरी सोबत घेऊन.

सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला असेल तर पहिले दीड ते तीन महिने तो निखळू नये यासाठी काही बंधने पाळावी लागतात. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचे नाही. आपल्या घरात याचा अर्थ असा: पाटावर किंवा सतरंजीवर बसायचे नाही. सैल विणीची बाज टाळायची, कारण ती खोलगट होते आणि बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जातात. घट्ट, उंच पलंग किंवा गादी ठेवून उंच केलेली खुर्ची बरी. भारतीय पद्धतीच्या संडासावर मधे भोक असलेली खुर्ची ठेवायची. आलेल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्यासाठी खाली वाकायचे नाही. हात जोडलेले पुरतात. चपला उंच पायरीवर ठेवायच्या. घराच्या उंबऱ्याला आणि न्हाणीच्या ओल्या फरशीला जपायचे.

तालुक्याच्या गावी रोज फिजिओथेरपिस्टकडे जाणे अनेकांना जमत नाही. रोजंदारी बुडते, गाडीचा खर्च वेगळा. यावर दिलासा देणारी गोष्ट अशी की, नीट शिकून घेतलेला व्यायाम घरी नेमाने केला, तर बहुतेक रुग्णांत केंद्रात जाऊन केलेल्या व्यायामाच्या तुलनेत फार मोठा फरक दिसत नाही, असे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. अट एकच, शिकून घेतलेला आणि नेमाने केलेला. रुग्णालयातून सुटी मिळण्याआधी घरच्या एका माणसाने सगळे व्यायाम समोर करून दाखवून घ्यावेत. जमल्यास फोनवर त्यांचे चित्रीकरण ठेवावे. पहिली काही पावले फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली पडावीत आणि पुढच्या तपासणीला चाल दाखवून यावी.

पहिल्या सहा आठवड्यांत चालण्याचे अंतर हळूहळू वाढते. तीन महिन्यांत बहुतेक रोजची कामे जमू लागतात. पण स्नायूंची ताकद पूर्ण परत यायला वर्षही लागते. दुखणे गेले म्हणून तिसऱ्या महिन्यातच व्यायाम सोडणारे अनेक असतात. लचक राहून जाते ती त्यांचीच. खुरपणी, भारा उचलणे, उकिडवे बसणे याबाबत मात्र स्वतःच्या शल्यविशारदाला स्पष्ट विचारावे. प्रत्येक सांध्याचे आणि प्रत्येक शस्त्रक्रियेचे उत्तर एक नसते. पोटरी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले किंवा पाय एकाएकी आखूड झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटची वर्षे

चार्नलींच्या कामाला 1974 मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. 1975 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. शल्यविशारदाच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. 1977 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. 5 ऑगस्ट 1982 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते सांध्याच्या झिजेवर काम करत होते, कारण आपण काढलेले उत्तर अखेरचे आहे असे त्यांनी कधी मानले नाही.

आज धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावीही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. सांधे बदलण्याची शस्त्रक्रिया आता पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. नवा सांधा घेऊन गावी परतलेल्या माणसाने अंगणात ओट्याची कड धरावी, पाय सरळ ठेवून बाहेर न्यावा, परत आणावा आणि दहा अंक मोजावेत. दिवसातून दोन-तीन वेळा, काही महिने न चुकता. चार्नलींनी आयुष्य घालवून जो तराजू नीट केला, त्याची दुसरी बाजू या दहा अंकांनी भरून निघते.